मागावरचा होकार

"बाई, आमची उर्वशी खोटी निंगाली," ओसरीची पायरी चढता चढताच करुणा म्हणाली आणि पदरानं डोळे पुसू लागली.

मी वाटाण्याच्या शेंगा सोलत बसले होते. सूप बाजूला सरकवून तिला बसायला जागा करून दिली. सानगडीत मी वर्षानुवर्षं अंगणवाडी चालवली. करुणाचा नवरा संजीव माझ्याच हाताखाली गाणी शिकला, आता त्याची मुलगी उर्वशी तिथं जाते. सेविकेचं काम सुटलं, तरी पोरांच्या तक्रारी घेऊन माणसं माझ्याकडेच येतात. ती सवय काही गावाची सुटली नाही आणि खरं म्हणजे माझीही नाही.

"पाच वर्षांची पोट्टी आन खोटी?" मी म्हटलं. "काय केलं तिनं?"

"सोमवारी चहाचं सारं दूध मांजरीच्या पिल्लाइले पाजलं. इचारलं तं म्हनते, बाबा हो म्हनले. मंगळवारी लाल रेशमाची भरलेली कांडी नेली न बाहुलीच्या लग्नात मांडव बांधला. बाबा हो म्हनले! आन काल तं हद्द केली. बकरीचं पिल्लू तिच्या अंगनवाडीतल्या कुंदनच्या घरी देऊन आली, एका रात्रीसाठी. पिल्लू तिकडं बोंबलून राहिलं, बकरी इकडं. साऱ्या मोहल्ल्याले झोप नाई."

"आन संजीव काय म्हनते?"

"यायले इचारलं तं हे म्हनते, मी कायले हो म्हनू? मी सकाळपासून मागावरून उठलो का? न ते पोट्टी तोंडावर सांगते, बाबा, तुमी हो म्हनले. इतकी धिट्ट! येत्या सोमवारी आंबागडले माह्या भावाचं लगन हाये, बाई. हे म्हनले, जोवर 'मी खोटं बोलली' म्हनत नाई तोवर तिले नेनारच नाई, आजीपाशी राहो. कालपासून हेच चालू हाये. रडते, पन म्हनत नाई."

तिच्या शेवटच्या वाक्यापाशी माझे हात थांबले.

मुलांचं खोटं मी पुष्कळ ऐकलं आहे. फुटलेली पाटी आपोआप फुटते, संपलेला खाऊ कावळा नेतो. पण त्या खोट्याला सुटायची वाट दिली की ते लगेच त्या वाटेनं निघतं. इथं तर मामाचं लग्न होतं, बँड होता, नवा फ्रॉक होता आणि सुटायला एकच वाक्य बोलायचं होतं. तरी ही पोर बोलत नव्हती. खोटं बोलणारं मूल एवढी मोठी किंमत देत नाही.

मला भीती वेगळीच वाटली. उद्या-परवा लग्नाच्या ओढीनं ती वाकली आणि म्हणाली, "हो, मी खोटं बोलली," तर? कदाचित तेच तिचं पहिलं खोटं ठरेल, आणि ते आपण सगळ्यांनी मिळून तिला शिकवलेलं असेल.

"तिच्या तोंडून काही वदवू नोको," मी करुणाला सांगितलं. "मी येतो उद्या."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुपारचं ऊन उतरताना मी त्यांच्याकडे गेले. संजीवची आई केशरबाई दारात लाखोळीची डाळ निवडत होत्या.

"या शोभाताई! आमच्या घरच्या वकीलबाईले पाहाले आल्या का?" त्यांनी हनुवटीनं कोपऱ्याकडे दाखवलं. उर्वशी भिंतीकडे तोंड करून बसली होती. बाहुली मांडीवर होती, तिचंही तोंड भिंतीकडेच होतं.

"काय व उर्वशी, बाहुलीवर पन रुसवा?"

"तिच्यावर नाई. तिले पन लग्नाले नेऊन नाई राहिले."

मी जवळ बसले. "बाबा खरंच हो म्हनले होते?"

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. डोळे रडून सुजले होते, पण नजर सरळ होती. "हो म्हनले. लय वेळा हो म्हनले. बाईआजी, तुमाले बी खोटं वाटते?"

"मले अजून काहीच वाटत नाई. आधी पाहून तं घेऊ."

आतल्या खोलीतून मागाचा आवाज येत होता. खटक् खट, खटक् खट. नागपूरच्या व्यापाऱ्याला शनिवारी संध्याकाळी कोशाच्या रेशमाची साडी द्यायची होती, म्हणून संजीव जेवणापुरताच उठत होता. शेजारी करुणा चरख्यावर कांड्या भरत बसली होती. मधेच ती दूध पाहायला उठायची, फोन वाजला की घ्यायची, पुन्हा चरख्यावर यायची. दोघांचे चार हात, आणि चारही गुंतलेले. अशा घरात पोरांकडे लक्ष देत नाही म्हणून आई-बापाला बोलणं सोपं असतं. मी ते कधी केलं नाही.

मी दारापाशी पाटावर बसले. संजीव मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. एका हातानं दोरी ओढायचा, धोटा इकडून तिकडे पळायचा, दुसऱ्या हातानं फणी ठोकायचा, खाली पाय पावडी दाबायचे. डोळे सुतावर होते.

"संजीव, पोरीले जरा माह्या घरी नेतो," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली.

"दिवेलागनीले आनून सोडतो."

पुन्हा मान हलवली. मी उठणार, तेवढ्यात लक्षात आलं की माझं बोलणं संपलं होतं, पण त्याची मान हलायची थांबली नव्हती. फणी ठोकली की मान खाली, धोटा सुटला की वर. हो, हो, हो. जणू अख्ख्या गावाला तो होकार देत होता.

मी पुन्हा बसले.

"संजीव, तुही गाडी मले पाहिजे."

हो.

"कायमची."

हो.

"बकरी पन नेऊ? पिल्लासकट?"

हो, हो.

चरख्याचा आवाज थांबला. करुणा माझ्याकडे पाहत राहिली, 'बाईंना झालं तरी काय' असा चेहरा करून. मी तिला गप्प राहायची खूण केली.

"आन लग्नावरून येताना करुणाले आंबागडलेच ठेवून येजो. माहेरी बरी राहीन ते."

संजीवनं अगदी मनापासून मान हलवली.

"अस्सं?" करुणा कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

दारातून केशरबाईंचं हसू फुटलं ते थांबेचना. सुपातली डाळ सांडली. उर्वशी धावत दारात आली. घरातल्या हसण्याचा सुगावा लागला, तेव्हा कुठं संजीवनं हात थांबवले. माग गप्प झाला आणि मानही.

"काही म्हनल्या का, बाई?"

"काही नाई गा. तुही गाडी आन बकरी मले दिली, न बायको माहेरी पाठवली. बाकी घर तुलेच ठेवलं."

"मी? मी कधी?"

"पाहा! पाहा!" उर्वशी दारातच उड्या मारू लागली. "असंच म्हनते! आधी हो म्हनते, मंग म्हनते मी कधी!"

संजीवला काही कळेना. मग करुणानं त्याच्या शेजारी बसून त्याची मान कशी हलते ते करून दाखवलं. ते इतकं हुबेहूब होतं, की केशरबाईंना पुन्हा हसू आलं आणि त्या तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "बाप्पा! याचा बाप असाच मान हालवे. नवीन होती तवा मले माहेरी जाचं राहे, तं मी मागापाशीच येऊन इचारो. मंग चार दिवसांनी आली का म्हने, कोनाले इचारून गेली? म्या म्हनो, तुमालेच."

"आई!" करुणा म्हणाली. "मंग हे आधी कायले नाई सांगतलं?"

"मले काय मालूम? ते पोट्टी म्हने, बाबा हो म्हनले. मले वाटे, तोंडानं म्हनले."

रोज समोर दिसणारी गोष्ट दिसेनाशी होते, ती अशी. करुणानं लग्न झाल्यापासून ती मान पाहिली होती, म्हणून आता ती तिला दिसतच नव्हती. उर्वशीला मात्र दिसत होती. मान वर-खाली म्हणजे हो, हे तर आपणच तिला शिकवलं होतं. तिनं दर वेळी विचारलं होतं, उत्तराची वाट पाहिली होती आणि होकार घेऊनच गेली होती. याहून शहाणं मूल कोणतं?

"मीच होती म्हनून बरं," करुणा नवऱ्याला चिडवत म्हणाली. "मी तं कधी अशी मान नाई हालवत."

"तू 'हं' म्हनते," उर्वशी म्हणाली. "चरखा फिरवताना. हं, हं, हं. बाबाइनं हो म्हनलं का मी तुले बी सांगो. बकरीच्या पिल्लाचं सांगतलं, तं तू म्हनली हं."

करुणाचं हसू तिथंच थांबलं. ती चरख्याकडे पाहत राहिली.

संजीव खड्ड्यातून वर आला आणि मुलीसमोर उकिडवा बसला. बोटाला गुंडाळलेलं सूत सोडत राहिला. लहानपणीही तो असाच होता, गाणं पाठ असायचं, पण पहिला शब्द आठवायचा नाही.

"उर्वशी," तो शेवटी म्हणाला, "तू खोटी नोहोस. चूक माही होती. मीच तुले दोन दिवस रडवलं."

उर्वशीनं नाक पुसलं. "मंग मी मामाच्या लग्नाले येऊ?"

संजीवनं मान हलवली.

"मान नोको!" ती ओरडली. "तोंडानं!"

"हो," संजीव म्हणाला. "हो, हो, येजो. बाहुलीले पन आनजो."

इथंच सगळं गोड झालं असतं. पण उर्वशीनं जरा विचार केला आणि हळूच विचारलं, "मंग गुलगुल्याचं बी खरं ना?"

"कोनते गुलगुले?"

"उद्या शनिवार. अंगनवाडीतल्या साऱ्या पोट्ट्याइले मी सांगतलं, आमच्या घरी गुलगुले खायाले या. तुमाले इचारूनच सांगतलं, बाबा. दोनदा."

मागावर अजून पदर विणायचा बाकी होता. व्यापारी उद्या संध्याकाळी येणार होता. संजीव म्हणू शकला असता, की ते काही खरं हो नव्हतं, मान आपोआप हलली. ते खोटंही ठरलं नसतं. उर्वशी त्याच्या तोंडाकडे पाहत होती, अगदी ओठांकडे. मी मधे पडले नाही. अशा वेळी शिकवणारीनं गप्प राहावं, धडा दुसऱ्याच्या हातात असतो.

संजीवनं एकदा साडीकडे पाहिलं, एकदा पोरीकडे.

"मान तं माहीच होती," तो म्हणाला. "आई, गूळ हाये का घरी?"

"गूळ हाये, कनीक हाये," केशरबाई गुडघ्यावर हात देत उठल्या. "तेल मात्र शोभाताई आनन. फुकटात गाडी घेऊन चालल्या तं."

मी तेल आणलं. शनिवारी सकाळी आम्ही तिघींनी अंगणात चूल मांडली. शुक्रवारी तिथून निघायच्या आधी मी त्या घराला एकच गोष्ट सांगितली होती. पोरांना दिवसभर वेळ द्या असं मी म्हणत नाही, तो तुमच्यापाशी नाही. पण त्यांनी काही विचारलं, तर उत्तराइतका वेळ हात थांबवा आणि तोंडाकडे पाहून सांगा. 'नाही' म्हणायचं असेल, तर तेही तसंच सांगा. पाहून सांगितलेलं 'नाही' पोरं पचवतात, न पाहता दिलेला 'हो' त्यांना बाधतो. त्यावर संजीवनं आपलं एक जोडलं. मागाच्या बाजूच्या लाकडावर उर्वशीनं हात ठेवला, की माग थांबेल.

दुपारी अंगणवाडी सुटल्यावर पोरांची रांग अंगणात बसली. गुळाचे गरम गुलगुले कोणी फुंकून खात होतं, कोणी न फुंकता खाऊन रडत होतं. आत माग चालू होता. खाऊन झालेली पोरं दारात गोळा झाली आणि संजीवची हलणारी मान पाहून कुंदनला एकदम सुचलं.

"काका, आमाले अजून देता?"

मान हलली. पोरं चुलीकडे धावणार, तोच उर्वशी दोन्ही हात पसरून दारात आडवी झाली.

"असं नाई इचारायचं! असं इचारलं का मंग रडा लागते. आधी इथं हात ठेवा लागते."

तिनं ऐटीत जाऊन लाकडावर हात ठेवला. माग थांबला. संजीवनं धोटा बाजूला ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं. करुणाचाही झारा हातात तसाच राहिला. ही आता काय मागते, म्हणून सगळेच वाट पाहू लागलो.

"बोल बेटा," संजीव म्हणाला.

"काही नाई," उर्वशी म्हणाली. "पाहून राहिली होती, थांबता का."

मग कुंदनलाही पाहायचं होतं. त्याच्या मागून सगळ्यांनाच पाहायचं होतं. पोरं एकेक करून येत, गुळाचे हात आधी चड्डीला पुसत, मग लाकडावर ठेवत. दर वेळी माग थांबे, दर वेळी संजीव मान वर करून विचारी, "बोला, काय म्हनता?" आणि पोरं लाजून पळून जात.

व्यापारी आला तेव्हा साडी अजून मागावरच होती. दिवेलागणीपर्यंत तो अंगणात बसून उरलेले गुलगुले खात राहिला.