फोटोचा निरोप

निगेटिव्हनानासमोर कुणी ‘डिजिटल’ हा शब्द काढला की नाना उठून चूळ भरून यायचा. थाप वाटत असेल तर त्याच्या बायकोला विचारा; तिनं त्या कामासाठी बैठकीच्या दाराशी पाण्याचं भांडंच भरून ठेवलेलं असायचं. एकदा शेजाऱ्यांनी आकडे उमटणारा वजनकाटा आणला. नाना त्यावर चढला, वाकून बघितलं आणि उतरून म्हणाला, “खोटं बोलतंय. डिजिटल आहे.”

पाणीपंप दुरुस्तीच्या दुकानावर एक लांबट हॉल होता. तिथं नानाचं फिल्म मंडळ भरायचं. हॉलच्या टोकाला पूर्वीची मोरी होती, तिला काळा पडदा लावून डार्करूम केली होती. मंडळाचा अध्यक्ष नाना. डार्करूमची किल्ली नानाच्या गळ्यात. फोटो चांगला की वाईट हे ठरवणार नाना, आणि बहुतेक तो वाईटच असायचा.

“डिजिटलवाले फोटो काढत नाहीत, झाडू मारतात,” तो सांगायचा. “लग्नाला जातात आणि पोतंभर फोटो घेऊन येतात. त्यात नवरदेव कुठला ते विचारा. शोधावा लागतो.”

सभासद माना डोलवायचे. त्यांना माना डोलवण्याचं वेडच होतं.

मंडळात गुन्हा एकच होता, कॅमेऱ्याची पाठ बघण्याचा. मोबाईलवर वाढलेली माणसं नवी नवी मंडळात यायची, जुना कॅमेरा हातात घ्यायची, खटका दाबायची, आणि सवयीनं त्यांची मान खाली जायची, फोटो कसा आला ते बघायला. फिल्मच्या कॅमेऱ्याच्या पाठीवर काय दिसणार? काळं कातडं. नाना तेवढ्याचीच वाट बघत बसलेला असायचा.

“काय बघतोस? घोडा विकत घ्यायला आलायस का?” तो विचारायचा. “जा, मोबाईलवाल्यांत जा. तिकडे सगळे पाठीच बघतात.” मंडळातल्या गणिताच्या बाईंची भाची तर पहिल्याच दिवशी अशी हाकलली गेली. बाई मात्र टिकल्या. त्यांना नानाचा कडकपणा आवडायचा.

आता आतली गोष्ट सांगतो. नाना तीन वर्षं डिजिटलच वापरत होता.

झालं असं, की मध्यंतरी नानाचे रोल बिघडायला लागले. धुऊन बाहेर काढावेत तर कुठं अंधुक, कुठं हललेलं, आणि जे स्वच्छ आलंय त्यात बघण्यासारखं काही नाही. फिल्मवाल्याला हे कुणाला सांगता येत नाही. नानासारख्याला तर नाहीच नाही, कारण दुसऱ्यांच्या बिघडलेल्या रोलवर त्यानं आयुष्यभर नाकानं कांदे सोलले होते. मग एका वाढदिवसाला त्यानं बायकोला एक छोटा डिजिटल कॅमेरा आणून दिला. बायकोनं त्यावर गळक्या नळाचा फोटो काढला, प्लंबरला दाखवला, आणि कॅमेरा कपाटात ठेवला. नानानं तो कपाटातून काढला. परत ठेवलाच नाही.

त्यापुढचं काम मोठं बारकाईचं. फोटो काढायचा, काळा-पांढरा करायचा, कॉम्प्युटरकडून त्यावर फिल्मसारखा दाणा पेरून घ्यायचा, जाड कागदावर छापायचा, आणि शेवटी सुईनं एका कोपऱ्यात बारीकसा ओरखडा काढायचा. प्रदर्शनात नाना त्या ओरखड्यावर बोट ठेवायचा.

“याला प्रामाणिकपणा म्हणतात,” तो म्हणायचा.

सगळं सुखात चाललं असतं, पण मंडळात एक दातांचा डॉक्टर होता. माणसाच्या तोंडात दिवसभर दिवा मारून किडकं शोधण्याची त्याला सवय. नानाच्या एका फोटोची मोठी प्रत त्याला दवाखान्यात लावायची होती, म्हणून त्यानं निगेटिव्ह मागितली. नाना आज देतो, उद्या देतो करत राहिला. शेवटी म्हणाला, “निगेटिव्ह म्हणजे आतले कपडे. चारचौघांत वाळत घालायचे नसतात.”

डॉक्टर हसला नाही. वार्षिक सभेत तो उठून उभा राहिला.

“ज्याला अध्यक्ष व्हायचंय, त्यानं आपल्या निगेटिव्ह मांडाव्यात. मी माझ्या आणल्यात. नानांनी आणल्यात का?”

नानाच्या तोंडचं पाणी पळालं. पण खुर्चीसाठी माणसाला ऐनवेळी काहीही सुचतं.

“जुन्या निगेटिव्ह काय बघता?” तो म्हणाला. “आत्ता काढतो. इथंच, तुमच्यासमोर. एकच फोटो, दुसरा नाही. आणि काढतो तो तुमचाच, डॉक्टर. बसा खिडकीपाशी.”

सभासदांना हे भलतंच आवडलं. मंडळाच्या कॅशियरनं स्वतः खुर्ची सरकवली. नानानं शोभेसाठी गळ्यात अडकवलेला जुना कॅमेरा काढला, त्यात रोल भरला. भरायला जरा जास्तच वेळ लावला; लोकांना वाटलं, तंद्री. खिडकीतल्या उजेडात तळहात धरून त्यानं उजेड जोखला. डॉक्टर मान ताठ करून बसला होता, आता हा कुठं चुकतो ते बघत.

खट.

नानाच्या अंगठ्यानं पुढची फिल्म ओढली. इथवर सगळं बिनचूक. आणि मग नानाची मान खाली गेली.

त्यानं पाठ बघितली. काळं, कडेला झिजलेलं कातडं.

खाली कुणीतरी पंप सुरू करून बंद केला.

“काय नाना,” डॉक्टर सावकाश म्हणाला, “बरा आलोय का मी?”

नानाला मान वर करता येईना. वर केली तर चाळीस डोळे, त्यात दोन डॉक्टरचे. त्यापेक्षा कातडं बरं. तो तसाच वाकून राहिला. जितका वेळ राहिला तितकं ते वाकणं काहीतरी वेगळंच दिसायला लागलं. मागून कॅशियर कुजबुजला, “डोळे मिटलेत बघा त्यांनी.”

नानाचे डोळे टक्क उघडे होते. हे ऐकल्यावर त्यानं ते मिटले.

बऱ्याच वेळानं तो सरळ झाला. आवाज खाली आणून म्हणाला, “निरोप घेत होतो.”

“कुणाचा?”

“फोटोचा. तो आता अंधारात गेला. परत येईल, न येईल. जाणाऱ्याकडे पाठ फिरवून पुढच्या फोटोकडे धावायचं, हे डिजिटलवाल्यांचं काम.”

गणिताच्या बाईंनी रुमाल काढला.

“इतक्या वर्षांत कधी दिसला नाही तुमचा निरोप,” डॉक्टर म्हणाला.

“घरी घ्यायचो.”

“फोटो बाहेर आणि निरोप घरी?”

“तेच माझं चुकत होतं,” नाना म्हणाला, आणि इतक्या नम्रपणे म्हणाला की डॉक्टरच वाईट दिसला.

तरी रोल धुवायचा राहिलाच होता. नाना डार्करूममध्ये शिरला तो माणूस फाशीला जातो तसा. डॉक्टर मागोमाग. रोल धुतला, वाळवला, मग लाल दिव्याखाली छपाईचा कागद ट्रेमध्ये बुडवला, हलवला. औषधाच्या पाण्यात आधी कॉलर उगवली, मग हनुवटी, मग संशयानं अर्धवट उघडलेलं तोंड आणि त्यावर दोन दमलेले डोळे. फोटो उत्तम होता. नानानं उभ्या जन्मात इतका चांगला फोटो काढला नव्हता. त्याला स्वतःलाच धक्का बसला. हात काही विसरले नव्हते.

डॉक्टर ट्रेवर वाकून बघत राहिला. आयुष्यभर तो दुसऱ्यांच्या तोंडात बघत आला होता. त्याच्या तोंडाकडे असं कुणी बघितलं नव्हतं. दिवे लागल्यावर त्यानं जाहीर केलं की नाना थोर आहे. सत्याशी या मताचा काही संबंध नव्हता. फोटोत तो स्वतः थोर दिसत होता, एवढंच.

नाना घरी गेला आणि जेवता जेवता सगळं बायकोला सांगितलं.

“अहो, म्हणजे काढता येत होता,” ती म्हणाली.

“येत होता.”

“मग ही तीन वर्षं कशाला ते नाटक?”

नानानं भाजी वाढून घेतली. दुसऱ्या दिवशी त्यानं तिचा कॅमेरा तिला परत केला.

पुढचे महिने नाना एकटाच फिरून खरोखर फिल्मवर फोटो काढत सुटला. निम्मे वाया जायचे. जाऊ दे म्हणायचा. मान एकदाही खाली गेली नाही. एक फोटो झाला की नजर पुढच्याच्या मागावर.

मंडळाचं मात्र भलतंच झालं. जो तो निरोप घ्यायला लागला. खटका दाबायचा, मान खाली घालायची, डोळे मिटायचे. कॅशियरचा निरोप लांबला की समोर फोटोला बसवलेलं मूल उतरून चालू पडायचं. बाई निरोपात हुंदका द्यायच्या. कुणाचा निरोप जास्त आतून येतो यावर दोघांचं बोलणं बंद झालं. रोल कमी संपायला लागले, फोटो आणखी वाईट यायला लागले, आणि मंडळाची कीर्ती वाढली. हे सगळं शिस्तीत चालतं की नाही ते बघायला एक माणूस नेमला. दातांचा डॉक्टर.

एका रविवारी मंडळ जुन्या वस्तीत फिरायला गेलं. एका गल्लीत नानानं भिंतीवरच्या सावलीचा फोटो घेतला आणि लगेच मान वर केली. वरच्या गॅलरीत एक बाई ओली चादर झटकत होती. मागून ऊन. चादरीतून पाण्याचे थेंब उडत होते, आणि तिचे दोन्ही हात चादरीच्या आतून दिव्यासारखे दिसत होते. असला फोटो माणसाच्या वाट्याला मोजून एकदा येतो. नानानं कॅमेरा डोळ्याला लावला.

मानेवर एक हात आला. कामात मुरलेला, माणसाचं डोकं हवं तिथं वळवणारा हात.

“नाना,” डॉक्टर प्रेमानं म्हणाला, “सावलीचा निरोप राहिला.”

“अरे, ती बघ वर—”

“तुम्हीच असं केलंत तर?”

आजूबाजूला सगळे थांबले होते. गणिताच्या बाई, कॅशियर, नवे सभासद, सगळे त्याच्याकडे बघत होते. एक वाक्य पुरलं असतं. ‘मी त्या दिवशी पाठ बघत होतो, गाढवांनो,’ एवढंच. ते नानाच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं. गळ्यातली किल्ली शर्टाच्या बटणावर वाजली.

नानानं मान खाली घातली. वर चादर आणखी एकदा फडफडली. मग ती वरची बाई आत गेल्याचा आणि दार लागल्याचा आवाज आला.

“डोळे, नाना,” डॉक्टर हळूच म्हणाला.

नानानं डोळे मिटले.