दोन बोटं खाली काच

दाजींची जुनी स्पोर्ट्स कार दोघांपुरती, इंजिन मागे. त्या इंजिनाला थंड ठेवायला पाणी नाही, नुसता वारा. त्यामुळे आत ऊब हवी तर ती धुराच्या नळीकडूनच मागावी लागे. तापलेल्या नळीभोवती पत्र्याचं आवरण, मधल्या पोकळीतून वारा फिरे आणि गरम होऊन पायांशी येई. गॅरेजवाले त्याला हीटर बॉक्स म्हणत.

दाजींचा या गाडीवर भारी जीव. हीटर बॉक्सच्या जोडीवर कारखान्याचा मूळ शिक्का होता, तो ते घासूनपुसून चकचकीत ठेवत. एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात जाई. थंडीत हीटर लावला की बायको तिच्या बाजूची काच दोन बोटं खाली करायची.

"अगं, इकडून ऊब आणायची आणि तिकडून बाहेर सोडायची?"

"माझं डोकं धरतं. राहू द्या."

हे भांडण गाडी घेतल्यापासून सुरू होतं आणि दाजी ते कधीच जिंकले नव्हते.

यंदा थंडीत डोंगर ओलांडून लेकीकडे जायचं ठरलं, म्हणून दोघं गाडी घेऊन मेहुण्याच्या गॅरेजात आली. त्याने जुनी जोडी उतरवली आणि शेजारी आणखी दोन जोड्या मांडल्या. एक नुसत्या नळ्यांची, हलकी, झकास आवाजाची, पण ऊब नाही. दुसरी नवी, स्टेनलेस स्टीलची.

"जुनीच बसव," दाजी म्हणाले. "जुनं ते सोनं."

मेहुण्याने जुन्या नळीत पेटता दिवा सोडला आणि शटर ओढलं. "आता आवरणाच्या तोंडातून बघा. मिट्ट काळोख दिसायला हवा."

दाजी वाकले. आत उजेडाचे ठिपकेच ठिपके होते.

"सोनं कसलं, चाळण झालीय! वरून घासलंत, आतून गंजली. धूर सरळ तुमच्या पायांशी येत होता, दाजी. त्यातल्या विषाला वासही नसतो. आधी डोकं धरतं, मग झोप येते, आणि मग..." त्याने बहिणीकडे बघितलं.

दाजींना बायकोची ती दोन बोटं खाली केलेली काच आठवली. तिने एकदा जरी आपलं ऐकलं असतं तर? काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. आणि जिने ती येऊ दिली नाही, तिला आपण हट्टी म्हणत होतो.

"साध्या नळ्याच बसव," ते घाईघाईने म्हणाले. "हीटरच नको मला!"

"वा! म्हणजे मी कुडकुडत बसू?" बायको म्हणाली. "स्टीलची टिकेल का रे?"

"गंजायची तिला घाई नाही, ताई. तरी दरवर्षी दिवा सोडून बघूच."

स्टीलची जोडी बसली. शिक्का गेला, आणि दाजींना त्याचं काही वाटलं नाही. निघताना त्यांना बायकोला बरंच काही सांगायचं होतं, पण तोंडातून एवढंच आलं, "तुझे उपकार आहेत गं माझ्यावर."

"इश्श! गाडी चालवा."

डोंगर चढू लागल्यावर पाय छान शेकले. बायकोने आपणहून काच पूर्ण वर केली आणि सुखाने डोळे मिटले. दाजींनी थोडा वेळ कळ काढली. मग रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली, तिच्यासमोरून हात घातला आणि हँडल फिरवून काच दोन बोटं खाली घेतली.

"अहो, आता कशाला? ऊब जाते ना!"

"जाऊ दे," दाजी म्हणाले.