शंभरातला एक

बाबांच्या उजव्या डोळ्याची नजर गेली. आता परत येणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मी मान डोलावली आणि पार्किंगची चिठ्ठी कुठल्या खिशात आहे ते आठवत बसले. रडू यायला हवं होतं. आलं नाही.

त्या दवाखान्याची वेबसाइट मीच बनवली होती. शेवटच्या आठवड्यात आमच्या टेस्टरने हट्ट धरला. त्याला आम्ही पाठीमागे खडूस म्हणतो.

"बाकीच्या ब्राउझरवरही एकदा बघू या. दोनच दिवस लागतील."

"शंभरात एक माणूस वापरतो ते," मी म्हणाले. "अरे, शितावरून भाताची परीक्षा करतात. तू अख्खं पातेलं संपवायला निघालास!"

सगळे हसले. खडूस हसला नाही. तपासायच्या ब्राउझरांच्या यादीतल्या सहा नावांवर त्याने काट मारली आणि प्रत्येक नावापुढे माझी सही घेतली. मीही ऐटीत केली.

त्या सहांतला एक ब्राउझर बाबांच्या टॅबलेटवर होता. त्यात अक्षरं मोठी दिसतात म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच तो घालून दिला होता. सही करताना ते डोक्यातही आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

बाबांना काचबिंदू. धूसर दिसायला लागलं की लगेच तारीख घ्या, असं त्यांना बजावलेलं होतं. साइट आल्यापासून दवाखान्याने फोनवर तारखा देणं बंद केलं होतं. त्यामुळे अठरा दिवस, रोज सकाळी चहा झाला की ते टॅबलेट घेऊन बसायचे. तारखा दिसायच्या. 'नक्की करा' हे बटण मात्र त्या ब्राउझरवर उमटतच नव्हतं.

घरी आल्यावर मी बाबांच्या टॅबलेटवर ते पान उघडून बघितलं. बाबा शेजारी येऊन बसले.

"बाबा, बटण सापडत नव्हतं तर मला का नाही सांगितलंत?"

"अगं, तू केलेलं काम. बटण असणारच. मला वाटलं, मलाच दिसत नाहीये."

"नाहीये बाबा. इथे बटणच नाहीये."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला आणि डावा डोळा पडद्याजवळ नेला.

"असेल गं," ते म्हणाले. "नीट बघ."