जामखेडच्या पुलपिटाची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुनं सागवानी पुलपीट आहे. देवळात पाळक ज्याच्यामागे उभे राहून उपदेश करतात, ते उंच लाकडी मेज म्हणजे मी. जामखेडमध्ये आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचं देऊळ आहे. त्याला लागूनच्या खोलीत नवे पाळक शिकतात. माझी जागा त्याच खोलीत; माझा जन्म त्या शिकाऊ लोकांसाठीच झाला.

किती जण माझ्यामागे पहिल्यांदा उभे राहिले! कुणी मलाच घट्ट धरून ठेवत, कुणी बायबलमधलं वचनच विसरत. पुढे तेच लोक खर्ड्यापासून पाथर्डीपर्यंत मंडळ्या सांभाळू लागले. मला फार अभिमान वाटे.

मग पोरं पुण्याकडे, कंपन्यांत जाऊ लागली. म्हातारे पाळक एकेक करून देवाघरी गेले. वर्ग ओस पडला. माझ्यावर नाताळचा कागदी तारा आणि मोडक्या खुर्च्या रचल्या गेल्या.

आमचे पाळक कल्याण साळवे मात्र हटले नाहीत. मोटारसायकल काढून ते गावोगाव उमेदवार शोधत फिरले. पोरं हसून म्हणत, "पाळक झालो तर पोरगी कोण देईल?" शेवटी पाथर्डीकडच्या एका वस्तीवरून एकच नाव आलं. मोनिका. तिची आई कडूबाई ऊसतोडणीला जायची.

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळाचे प्रमुख भिमाजी म्हणाले, "बाईमानूस पुलपिटावर? आपल्यात असं कधी झालं न्हाई."

"नियमात मनाई कुठंय, काका?" कल्याण म्हणाले. "आणि दुसरं कोण आलंय?"

मोनिका आली. पहिल्याच दिवशी तिनं माझ्यावरच्या खुर्च्या उतरवल्या आणि ओल्या फडक्यानं मला लख्ख पुसलं. पहाटे उठून ती रिकाम्या खोलीला उपदेश करी. चुकली की पुन्हा पहिल्यापासून.

दिवाळीनंतर कडूबाईच्या कंबरेनं दगा दिला. आईचा कोयता मोनिकानं हाती घेतला आणि ती साखर कारखान्याजवळ ऊसतोड्यांच्या तळावर गेली. परतली ती गुढीपाडव्याला, हातांना घट्टे घेऊन.

तेव्हा वडीलमंडळ इथंच, माझ्यासमोर बसलं.

"वर्ग बुडवला," भिमाजी म्हणाले. "वर तळावर एका मयताला माती दिली म्हनं. पाळकाची दीक्षा न्हाई, हक्क न्हाई, कुनाला इचारलंस?"

मोनिका माझ्या कडेला हात टेकून उभी होती.

"शेजारच्या पाचटाच्या कोपीतलं लेकरू तापानं गेलं, काका. पाळकांना फोन लावला, लागला न्हाई. त्या लेकराला कुठवर ठिवायचं हुतं?"



"आपली निम्मी मंडळी सहा महिने तळावर असती," ती पुढे म्हणाली. "तिथं कुनी जात न्हाई. मला देऊळ नका देऊ. मला तळावर पाठवा."

भिमाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग त्यांनी विचारलं, "मातीच्या वक्ताला काय बोललीस?"

"काहीच न्हाई. त्याच्या आईजवळ बसले. ती रडायची थांबली, मग एक स्तोत्र म्हनलं."

"शिकू द्या तिला," भिमाजी म्हणाले. "बुडालेलं भरून काढंल ती."

तिनं भरून काढलं. परीक्षेचा उपदेश तिनं माझ्यामागूनच केला. एकही शब्द अडला नाही. दीक्षाविधीच्या दिवशी मला उचलून देवळात नेलं होतं. कल्याणांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याशेजारी भिमाजींचा सुरकुतलेला हातही टेकला. मागच्या रांगेत कडूबाई पदरानं डोळे पुसत होती.

आता मोनिका दर हंगामात ऊसतोड टोळीच्या ट्रॅक्टरमधून तळावर जाते. तिथं पुलपीट नसतं. उसाच्या पाचटावर बसलेल्यांसमोर ती उभ्यानं बोलते. याचं मला आधी वाईट वाटलं. आता वाटत नाही.

यंदा वर्गात दोन मुली आणि एक मुलगा आहे. त्यांतली एक अजून माझ्यामागे उभी राहायला घाबरते.

मित्रांनो, मला नवं पॉलिश नको. तुमच्याही गावात असं कुणीतरी भीत भीत शिकायला येईल. त्याचं शिक्षण अर्धं राहिलं म्हणून, किंवा ती बाई आहे म्हणून, दारातून परत पाठवू नका. लाकूड पुसलं की पुन्हा चमकतं. दारातून परत गेलेलं माणूस मात्र सहसा पुन्हा येत नाही.