बोटांचं कडवं

मी बजाजनगरच्या अफजलभाईची ढोलकी बोलतेय. जन्मभर थापा खाल्ल्यात, त्यामुळं माणूस थाप मारतोय हे मला जरा लवकर कळतं.

माझं खोड आंब्याचं. कन्नडच्या बाजारात अफजलभाईनं मला कान लावून लावून पारखून घेतलं. तो वाळूजच्या कारखान्यात पत्रे कापतो. सुट्टीला मी त्याच्या मांडीवर. शेजारची मंजुषा गाणी रचते, गाते. तिच्या आईची, मुक्ताबाईची, दोन बोटं प्रेस मशीननं नेली. मंजुषानं त्यावर गाणं केलं, गणपतीत म्हटलं. कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं आणि पंधरा दिवसांत पार वैजापूरपर्यंत पोचलं.

मग राजकुमार आला, एका म्युझिक कंपनीचा माणूस. मंजुषाला ताई म्हणाला, मुक्ताबाईच्या पाया पडला. गाणं किती जणांनी पाहिलं, हे त्यानं चारदा विचारलं. बोटं कशी गेली, हे एकदाही नाही. मला तिथंच शंका आली. पण ढोलकीला कोण विचारतो? कागद इंग्रजीत होता. मंजुषानं सही केली.

स्टुडिओत मी खोळीतच राहिले. ठेका कॉम्प्युटर देणार होता. मुखडा पहिल्या दहा सेकंदांत हवा, नाहीतर लोक पुढं ढकलतात म्हणे. एकेक कडवं गळत गेलं.

"बोटांचं कडवं कुठंय?" मंजुषानं विचारलं.

राजकुमार आवाज खाली करून म्हणाला, "ताई, पैसा लावणारी पार्टी मशिनं विकते. बोटं राहू द्या. आपण त्यांत अंगठी घालू."

झालं. कापलेल्या बोटांचं गाणं साखरपुड्याचं झालं.

पुढं गल्लीतल्या एका लग्नात ते डीजेवर लागलं. मुक्ताबाई टाळ्या वाजवत होती. चाल ओळखीची वाटती, म्हणाली. मंजुषा भरल्या ताटावरून उठली.

घरी आल्यावर तिनं आईला सगळं सांगितलं. जुनं गाणं आता आपल्याला कुठंच म्हणता येत नाय, कागदात तसं लिहिलंय, हेही सांगितलं.

"सही तुझी हाय," मुक्ताबाई म्हणाली. "बोटं माझी गेली. मी कुठं सही केलीय?"

गेल्या रविवारी ती स्वतः चौकात जुनं गाणं म्हणायला उभी राहिली. आवाज फाटका, ताल सुटलेला. अफजलभाई माझा ठेका तिच्या आवाजामागं सांभाळून नेत होता. बोटांच्या कडव्याला बायांनी पदर तोंडाला लावले. मंजुषा गर्दीत होती, ओठ घट्ट मिटून.

मुक्ताबाईचा सवाल कायद्याला पटंल का, मला ठाऊक नाय. माझ्या पुडीच्या कातड्याला चीर गेलीय, फार दिवस निघायचे नायत. त्या दिवशी लई मोबाईल वर झाले होते. त्यातला कुठला गल्लीतल्यांचा, कुठला कंपनीच्या माणसाचा, मी अजून आठवत बसलेय.

तुमच्यापर्यंत ते गाणं आलं, तर दहा सेकंदांवर थांबू नका. शेवटपर्यंत ऐका. आणि बोटांत अंगठी दिसली, तर ती कुणी घातली एवढं विचारा.