धाकटीचे डोळे

थोरलीने इस्त्री दोन्ही हातांनी टबावर आडवी धरली आणि अंगठ्याने वाफेचं बटण दाबलं. इस्त्री आधी गुरगुरली, मग म्हाताऱ्यासारखी खोकली, आणि तळाच्या भोकांतून तपकिरी पाणी भसाभसा टबात पडलं. पाण्याबरोबर पांढऱ्या खपल्या आल्या आणि त्यांच्या मागोमाग काळपट, चिकट लगदा. व्हिनेगरचा आंबट वास आणि जळका वास एकदमच नाकात शिरले.

“अगं बाई,” ती म्हणाली. घरात ऐकायला कुणी नव्हतं. तरी तिने मागे वळून पाहिलं.

दुरुस्तीवाल्याने सांगितलं होतं तसंच ती करत होती. निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर. चांगली तापवायची, प्लग काढून अर्धा तास भिजत ठेवायची, पुन्हा तापवून वाफ सोडायची. काल ती इस्त्री पिशवीत गुंडाळून त्याच्याकडे घेऊन गेली होती. त्याने ती उलटी केली, भोकात टाचणी घातली, टाचणीचा वास घेतला आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

“आजी, यात काय घालता?”

“पाणी. आणखी काय घालणार, दूध?”

“पाण्याचा क्षार मला कळतो, तो पांढरा असतो. हे काहीतरी आत शिजून जळलंय.”

“तुम्ही उपाय सांगा, पंचनामा नको,” असं म्हणून ती परतली होती. येताना पिशवी अंगाशी घट्ट धरली होती, चोरीचा माल असल्यासारखी.

आत काय जळलंय ते तिला पक्कं ठाऊक होतं. खळ.

पूर्वी खळीच्या पाण्यात कपडे बुचकळायचे, पिळायचे, वाळवायचे, पुन्हा पाणी शिंपडून इस्त्री करायची. चार वर्षांपूर्वी ही वाफेची इस्त्री घरात आली आणि थोरलीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एवढा आटापिटा करायचाच कशाला? खळ पातळ करावी, फडक्यातून गाळावी आणि सरळ इस्त्रीच्या टाकीत ओतावी. वाफेबरोबर आपोआप कपड्यात उतरेल. ही युक्ती तिने कुणाला सांगितली नाही. कॉलर अशी ताठ उभी राहायची की बिल्डिंगमधल्या बायका विचारायच्या, कसं हो जमतं तुम्हाला? ती म्हणायची, “हाताचा गुण असतो. शिकवून येत नाही.”

घरातल्या कामाची वाटणी तीस वर्षांपूर्वी तिनेच ठरवली होती. धुणं धाकट्या जावेचं, इस्त्री तिची. दोघींचे नवरे एव्हाना भिंतीवर जाऊन बसले होते, तिथेही थोरलीचा वर आणि धाकटीचा खाली. पण वाटणी मोडली नव्हती. मोडली ती तीन आठवड्यांपूर्वी.

धाकटीची लेक नर्स म्हणून इस्पितळात नुकतीच लागली होती. त्या दिवशी सकाळच्या रांगेत मोठ्या नर्सबाईंनी तिला सगळ्यांसमोर बाजूला उभं केलं. पांढऱ्या गणवेशाच्या कॉलरवर आणि खिशावर तपकिरी ठिपके होते. रोग्याजवळ असं जाणार का, असं विचारून तिला घरी धाडलं. पोर उशीत तोंड खुपसून रडली. आणि थोरली तो गणवेश धाकटीच्या नाकासमोर फडकवत म्हणाली, “धुणाऱ्याचे डोळे कुठे गेले होते? डाग तसाच वाळत घातलास? मी इस्त्री करू की तुझ्या चुका वेचत बसू?”

“मला दिसला नाही, जाऊबाई. खरंच नाही दिसला.”

“मग डोळे तपासून घे. नाहीतर उद्या मीठ म्हणून सोडा घालशील.”

जिभेला हाड नसतं म्हणतात, थोरलीच्या जिभेला लगामही नव्हता. तेवढ्यावर तिने सोडलं असतं तरी चाललं असतं. पण जिन्यात, गच्चीत, भाजीच्या दुकानात ती ‘आमच्या धाकटीला आता दिसत नाही हो’ म्हणून हळहळून आली. चार जणींनी तोंडं बारीक केली, तेव्हा तिला बरंही वाटलं.

धाकटीने मात्र ते मनावर घेतलं. ती एक डोळा झाकून समोरच्या कॅलेंडरवरचे आकडे वाचायची, मग दुसरा झाकून. जिना उतरताना कठड्याला धरू लागली. सुईत दोरा ओवायची वेळ आली की स्वतः प्रयत्नही न करता लेकीपुढे धरायची. धुणं थोरलीने काढून घेतलं आणि बाहेर मशीनवाल्याकडे दिलं. त्यानंतर धुण्याच्या वेळेला धाकटी नुसतीच मोरीच्या दाराशी उभी राहायची, हात पुसत. हात ओले नसायचे.

परवा मशीनवाल्याकडून उशांचे अभ्रे आले. पांढरे शुभ्र, धाकटीचं बोटही न लागलेले. थोरलीने पहिल्याच अभ्र्यावर इस्त्री फिरवली आणि इस्त्री थुंकली. तपकिरी ठिपका तिच्या डोळ्यांदेखत पसरला. तिने अभ्र्याची घडी केली आणि ती आपल्या गादीखाली सरकवली. अशा गादीवर झोप ती कशी लागावी!

आज सकाळी मायलेकी डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघाल्या. चपला घालेपर्यंत वेळ होता. जाऊ नका, एवढेच दोन शब्द. थोरली म्हणाली, “छत्री घ्या, ऊन आहे.”

तिसऱ्या खेपेला टबात नितळ पाणी पडलं. तिने कागदावर जाड मीठ पसरून त्यावरून तापलेला तळ फिरवला, ओल्या फडक्याने पुसला, कापूस गुंडाळलेल्या काडीने एकेक भोक साफ केलं. तळ आरशासारखा झाला. टबातली घाण मोरीत गेली, मागून बादलीभर पाणी, वर साबण. खळीची बाटली उपडी झाली, धुतली गेली. अभ्रा कात्रीने कापून कचऱ्यात, भाजीच्या सालींखाली. झालं. धाकटीला चष्म्याचा नंबर वाढवून मिळेल, या वयात कुणाचा वाढत नाही? मग सगळं जिथल्या तिथे. कुणाचं काही बिघडलं नाही.

बेल वाजली.

“आईचे डोळे उत्तम आहेत!” लेक आत शिरता शिरताच म्हणाली. दार तिने तसंच लोटलं, ते अर्धवट उघडं राहिलं. “काकू, डॉक्टर म्हणाले, आहे तोच चष्मा पुरे. शेवटची ओळसुद्धा वाचली तिने, मुंगीएवढी!”

“वा,” थोरली म्हणाली. आवाज उसना आणल्यासारखा निघाला.

धाकटी पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत बसली. तिच्या तोंडावर आनंदाचा मागमूस नव्हता.

“डोळेच बिघडलेले असते तर बरं झालं असतं,” ती म्हणाली.

“असं काय बोलतेस, आई?”

“डोळ्यांना चष्मा लावता येतो गं. डोळे चांगले, डाग समोर, आणि मला दिसत नाही. म्हणजे बिघाड इथे आहे.” तिने कपाळाला बोट लावलं. “माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी कपडे. मग गॅस चालू राहायला लागला. मग एक दिवस मलाच विचारलं, तू कुणाची गं? जाऊबाई, उद्यापासून मी गॅसला हात लावत नाही. आणि ही घराची किल्ली तुमच्याकडे असू दे. मी कुठे टाकून आले तर?”

तिने किल्ली काढून टेबलावर ठेवली. अगदी हळू, आवाज होऊ न देता.

थोरली किल्लीकडे बघत राहिली. घशाशी आलेलं तिने एकदा गिळलं, दोनदा गिळलं. तिसऱ्यांदा गिळवेना.

“उचल ती किल्ली,” ती म्हणाली. “डाग धुण्यात राहिलेच नव्हते. इस्त्री थुंकत होती. मी टाकीत खळ ओतते. आत जळून साठली होती.”

लेकीने ओट्यावरची इस्त्री उचलून तळ पाहिला. लखलखीत. तिने प्लग लावला, तापू दिली, खिशातल्या पांढऱ्या रुमालावर वाफ सोडली. रुमाल पांढराच राहिला.

धाकटी हसली. आजारी माणसाला ‘आज बरा दिसतोस हं’ म्हटलं की तो हसतो, तसं.

“जाऊबाई, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलताय.”

“खोटं? मी?”

“तीस वर्षं बघतेय मी तुम्हाला. दूध उतू गेलं तरी चूक दुधाची. आणि आज एकदम तुमच्या हातून चूक झाली? माझं मन राखताय, कळतं मला. उपकार आहेत तुमचे.”

उपकार! थोबाडीत बसली असती तरी थोरलीला एवढं लागलं नसतं. पुरावा होता तो तिने स्वतःच्या हाताने मोरीत ओतला होता, वरून साबण लावून. आता उरली होती फक्त जीभ. आणि त्या जिभेने कधी नव्हे ती आपली चूक सांगितली, तर ऐकणारी ती खरी मानायला तयार नव्हती. लेकीनेही इस्त्री बंद केली आणि काकूकडे असं पाहिलं, जणू म्हणत होती, राहू द्या आता.

तेवढ्यात अर्धवट उघडं दार ढकलून तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण डोकावली. तिला सगळी बिल्डिंग आकाशवाणी म्हणायची, आणि ते नाव थोरलीनेच ठेवलेलं होतं. या बाईला दिसेल म्हणून थोरली फाटका रुमालसुद्धा दोरीवर वाळत घालत नसे.

“काय म्हणाला डॉक्टर?” आकाशवाणीने आवाज दुःखी केला. “फारच गेलेत का हो बिचारीचे डोळे?”

थोरली उठून उभी राहिली. ताठ, लग्नात फोटो काढायला उभी राहावी तशी.

“डोळे ठणठणीत आहेत तिचे. आंधळी मी. इस्त्रीच्या टाकीत मी खळ ओतत होते, चार वर्षं, अतिशहाणपणा करून. ती जळली आणि पोरीचा गणवेश खराब झाला. आळ हिच्यावर घेतला, आणि तुम्हा सगळ्यांना खोटं सांगत हिंडले.”

“खळ?” आकाशवाणी म्हणाली. “इस्त्रीच्या पोटात?”

“हो.”

“म्हणजे तो तुमचा हाताचा गुण?”

“कसला हाताचा. खळीचा.”

आकाशवाणीने चौकट धरली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. “अहो, मी माझ्या सुनेला तुमचं उदाहरण द्यायची हो!”

“आता हे द्या.”

धाकटी खुर्चीत पुढे सरकून बसली होती. ती आकाशवाणीकडे बघत नव्हती, थोरलीच्या तोंडाकडे बघत होती, टक लावून, बराच वेळ.

“किती घालत होतात?” तिने अचानक विचारलं. “एका वेळेला?”

“वाटीभर.”

“वाटीभर!” आवाज चढला. या घरात धाकटीचा आवाज चढलेला भिंतीवरच्यांनीही ऐकला नसेल. मग तो खाली आला. “तीन आठवडे मी एकेक डोळा झाकून कॅलेंडर वाचतेय, जाऊबाई.”

“बघत होते मी,” थोरली म्हणाली.

आकाशवाणीला आता दम निघेना. तिच्या सपाता फटक फटक करत जिन्यात उतरल्या. खालचं एक दार उघडलं. मग समोरचं. “ऐकलंत का? खळ! इस्त्रीच्या पोटात!” हसण्याचा आवाज एकाचा दोन झाला, दोनाचे चार, आणि मजल्यामजल्याने खाली चालला.

धाकटी उठली. दाराशी गेली आणि कडीवर हात ठेवून थांबली.

“लावू का दार, जाऊबाई?”

थोरली टेबलाशी बसली होती, मान खाली, कान जिन्याकडे.

“राहू दे,” ती म्हणाली. “अजून तळमजला राहिलाय.”