कपडे कोण धुतं?

"विडी, सिगारेट?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तिला? छे!" लेपवाला ताडकन म्हणाला.

"काका, तुम्हाला विचारतेय."

लेपवाल्याने कान टवकारले. खोकते बायको, दोन जिने चढताना तीनदा बसली बायको, आणि ही पोरगी चौकशी करतेय आपली!

"मी शिवलोसुद्धा नाही कधी."

"काम काय करत होतात?"

आता मात्र त्याची खात्रीच पटली. सव्वीस वर्षं त्याने कारखान्यात वाफेच्या नळांवर पांढरा लेप चढवला होता, म्हणून सगळे त्याला लेपवालाच म्हणत. आता त्याच कामावर मुलगा होता. गेल्याच आठवड्यात साहेबांनी मुलाला बजावलं होतं, बाहेरचं कुणी कामाबद्दल विचारू लागलं, तर तोंड उघडायचं नाही. या बाईला कुणी पाठवलं नसेल कशावरून?

"स्टोअरमध्ये कारकून होतो," तो म्हणाला.

बायकोने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

डॉक्टरीणबाई लिहीत राहिल्या. उलटी अक्षरं वाचायला तो पुढे झुकला, पण एक शब्द लागेल तर शपथ. मग कबुतरं, कोंबड्या, घरातली ओल असं काहीबाही विचारणं झालं. फिरून फिरून ही आपल्यावरच येणार, हे तो ओळखून होता.

"मावशी, पूर्वी दिवसभर काय काय करायचात? अगदी सकाळपासून सांगा. कपडे कोण धुतं घरात?"

"मीच की. आता सून धुते." बायको दम घेत घेत बोलू लागली. "ह्यांचे कपडे आधी झटकायला लागायचे. नाहीतर पाणी दुधासारखं व्हायचं. अंगणात झटकले की शेजारीण भांडायची, म्हणून मी न्हाणीघरात दार लावून..."

ती हसली आणि हसता हसता खोकली. खोकला थांबला, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं.

"म्हणजे... स्टोअरमध्येही धूळ असते ना बाई," ती घाईघाईने म्हणाली. एवढ्यावरही तिला धाप लागली.

असला श्वास, आणि तोही आपलं खोटं सावरायला खर्च करतेय ही! लेपवाल्याला तिथे बसवेना.

"खोडा ते," तो म्हणाला. "लेप चढवायचो मी. सव्वीस वर्षं."

"कसला? अॅस्बेस्टॉसचा?"

"पोत्यावर तेच लिहिलेलं असायचं. हा कागद कुठे जाणार?"

"माझ्या फायलीत. काका, हे कळलं नसतं, तर मी दम्याचीच औषधं देत बसले असते."

त्याचा विश्वास अर्धाच बसला.

"बरी होईल ना?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "झालंय ते भरून येत नाही. पुढे काय करता येईल, ते करू. पण तुमच्याही छातीचा फोटो काढायचा. आणि सून कुणाचे कपडे धुते, म्हणालात?"

लेपवाल्याला मुलाच्या साहेबांचा चेहरा आठवला.

"मुलाचे," तो म्हणाला. "तोही तिथेच आहे. लेपावरच. लिहा."

"दोघांना घेऊन या."

उतरताना पहिल्याच वळणावर बायको कठडा धरून थांबली. खालून माणसं येत होती. कुणी पाहिलेलं तिला आवडायचं नाही. लेपवाला भिंतीकडे वळला आणि आग लागल्यास काय करावे, ती पाटी मोठ्याने वाचू लागला, जणू त्यासाठीच दोघं थांबली होती. पाटी संपली. तिचा श्वास अजून स्थिरावला नव्हता. त्याने पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.